ओढ्याकाठच्या जमिनीतून मुरूम आणि गोटे काढून नेल्यावर उरलेला खड्डा: भरावा, की ठेवावा?

ओढाकाठ | १८ मे, रात्री ९.१०
पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. वरची दीड एकर हलकी असली तरी पिकते. प्रश्न ओढ्यालगतच्या खालच्या पट्ट्याचा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी जवळच्या रस्त्याचे काम निघाले तेव्हा चुलत्यांनी एका ठेकेदाराला तेथून मुरूम आणि गोट्यांची भरड काढू दिली. चार फुटांपर्यंतच खणायचे आणि जाताना जमीन सपाट करून द्यायची, अशी तोंडी बोली झाली होती. रस्ता झाला, यंत्रे गेली आणि मागे १३० फूट लांब, ८० फूट रुंद खड्डा राहिला. त्याची खोली सरासरी दहा फूट असून एका कोपऱ्यात तेरा फूट भरते.

खड्डा आणि ओढा यांच्यामध्ये आता जेमतेम पंधरा फुटांची मातीची भिंत शिल्लक आहे. पावसाळ्यात खड्डा भरतो आणि जानेवारीपर्यंत आटतो. दीडशे फुटांवरच्या आमच्या विहिरीला पूर्वी मार्चपर्यंत पाणी असे. आता संक्रांतीनंतर तळ दिसू लागतो. तलावातला गाळ आणून खड्डा पूर्ण भरून टाकावा आणि पुन्हा ज्वारी घ्यावी, असा माझा विचार आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर पाडकामाचा राडारोडा फुकट आणून टाकण्याची तयारी दाखवली आहे. पावसाळा तोंडावर असल्यामुळे निर्णय लवकर घ्यायचा आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी अनुभव लिहावेत.

माळरान | १८ मे, रात्री ९.४२
आधी हिशेब मांडू. १३० गुणिले ८० गुणिले १० म्हणजे १,०४,००० घनफूट, अर्थात १०४० ब्रास. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, पाच ब्रास येतात असे धरले तर २०८ खेपा होतात. गाळ फुकट मिळाला तरी वाहतूक फुकट नसते. आपला खड्डा साडेनऊ गुंठ्यांचा आहे. तेवढ्या जागेतली ज्वारी हा खर्च किती वर्षांत फेडेल, याचे गणित मी मुद्दाम करत नाही.

शंकासुर | १८ मे, रात्री ९.५५
फुकट भराव देणारे गृहस्थ दाते नसतात. राडारोडा टाकायला त्यांना जागा हवी असते आणि आपण त्यांचा खर्च वाचवत असता. उलट आपणच त्यांच्याकडे भाडे मागून पाहावे, म्हणजे औदार्य किती खोल आहे तेही मोजता येईल.

हळवी_ज्वारी | १९ मे, सकाळी ७.२०
राडारोड्याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या शेजाऱ्यांनी विहिरीजवळचा खड्डा असाच भरून घेतला. वरून माती पसरली, दोन वर्षे सगळे ठीक दिसले, आणि मग नांगराच्या फाळाला विटा, तारा, फुटक्या फरश्या लागू लागल्या. पोकळ्या राहिल्यामुळे दर पावसाळ्यात जमीन कुठेतरी खचते. एकदा बैलाचा पाय अडकला, तेव्हापासून त्या तुकड्यात औत घातलेले नाही.

भूजल_वाचक | १९ मे, सकाळी ११.०५
महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, क्षमस्व.

धागाकर्त्याने विहिरीबद्दल जे लिहिले आहे तोच माझ्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. आपल्याकडचा काळा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी फारसे साठत नाही. उथळ विहिरींना पाणी मिळते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरातून, म्हणजे मुरमातून, आणि खालच्या भेगांतून. ओढ्याकाठी त्यावर गोट्यांचा आणि जाड वाळूचा थर असतो, जो पुराचे पाणी पिऊन सावकाश सोडतो. ठेकेदाराने नेला तो नुसता दगड नव्हता, आपल्या विहिरीचा रांजण होता. आता त्या जागी उघडे पाणी आहे आणि आपल्या पर्जन्यछायेच्या भागात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक असते. शिवाय विहिरीकडून येणारे भूजलही त्या खोल तळाकडे ओढले जाते.

म्हणूनच संपूर्ण खड्डा तलावातल्या गाळाने भरू नका. हा गाळ बहुतांशी काळी चिकण माती असते. दहा फूट जाडीचा तसा गाळ म्हणजे ओढा आणि विहीर यांच्यामध्ये बसवलेले बूच होय. गाळ वरच्या फूट-दीड फुटापुरता हवा. त्याखाली मिळेल ती भरड, गोटे, मुरूम, म्हणजे जे गेले त्याच जातीचे, असावे.

दुसरी गोष्ट त्या पंधरा फुटांच्या भिंतीची. एखाद्या मोठ्या पुरात ओढा ती फोडून खड्ड्यात शिरला, तर ओढ्याचा तळ एकदम दहा फूट खाली पडतो. मग ती पायरी प्रवाहाच्या उलट दिशेने वरच्या अंगाला खात जाते, काठ ढासळतात आणि वर एखादा साकव किंवा बंधारा असेल तर त्याचा पाया उघडा पडतो. खालच्या अंगालाही नुकसान होते, कारण वरून वाहत येणारे गोटे आधी खड्ड्यात अडकतात आणि पुढे जाणारे पाणी आपली भूक काठ खाऊन भागवते. बर्कले येथील भूरूपशास्त्रज्ञ जी. मॅथायस कोंडॉल्फ यांनी १९९७ च्या एका निबंधात अशा पाण्याला ‘भुकेले पाणी’ म्हटले आहे. धरणाखाली आणि खाणीखाली ते सारखेच वागते.

शंकासुर | १९ मे, दुपारी १२.३०
भुकेले पाणी आणि भुकेला ठेकेदार यांची गाठ पडल्यावर ओढ्याने कोणाकडे पाहायचे? पण एक प्रामाणिक शंका आहे. जलयुक्त शिवाराच्या काळात गावोगावी ओढे खोल आणि रुंद केले, त्याचे फलक लागले, सत्कार झाले. तेच काम ठेकेदाराने केले की ते उत्खनन कसे ठरते?

भूजल_वाचक | १९ मे, दुपारी १.१५
शंका योग्य आहे. साचलेला गाळ काढून ओढ्याला त्याचा मूळ तळ परत देणे वेगळे आणि गाळ संपल्यावरही यंत्र चालू ठेवून मुरमाच्या थरातून आरपार जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला माझा आक्षेप सरकारी कामातही होता आणि आजही आहे. काही गावांत खोलीकरणानंतर ओढ्यात पाणी दिसू लागले, त्यामुळे लोक समाधानी झाले. पण ते पाणी काठाच्या विहिरींतून निथळून आलेले असू शकते.

माळरान | १९ मे, दुपारी २.०४
हे सरसकट मान्य नाही. आमच्या गावात खोलीकरणानंतर सलग तीन उन्हाळे टँकर आला नाही. ओढ्यात जागोजाग सिमेंटचे नालाबांध असल्यामुळे पाणी थांबले. खडक पाहून काम केले तर फायदा होतो, असे म्हणू या आणि धागाकर्त्याच्या खड्ड्याकडे परत येऊ या.

तलाठीनाना | १९ मे, सायंकाळी ६.३०
महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कागदांविषयी लिहितो. मुरूम आणि गोटे गौण खनिजात मोडतात. ते काढण्यासाठी परवाना आणि स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) पावती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही पर्यावरणीय मंजुरीची अट लावली. आपल्या चुलत्यांकडे यातला एखादा तरी कागद आहे का, ते शोधा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र निघून गेल्यावर अधिकाऱ्याला समोर दिसतो तो सातबाऱ्यावरचा माणूस. दंडाचा बोजा सातबाऱ्यावर चढला की कर्ज, विक्री, वाटणी सगळे अडते.

दुसरे असे की, कलम २० प्रमाणे ओढ्याचे पात्र शासनाचे आहे. आपल्या हद्दीत दगड रचा, झाडे लावा. पण पात्रातला गोटा उचलून खड्ड्यात टाकू नका. भरावासाठी बाहेरून मुरूम आणणार असाल तर त्याची पावती जपून ठेवा. तलावाचा गाळ मात्र ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत मिळू शकतो. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

खडीफोड | १९ मे, रात्री १०.१५
माझा खडीचा क्रशर आहे, त्यामुळे या धाग्यावर मी खलनायक ठरणार हे गृहीत धरतो. ज्यांच्या घराला स्लॅब आहे आणि गावाला डांबरी रस्ता आहे त्यांनी मला दोन शिव्या कमी द्याव्यात, एवढीच विनंती आहे.

तुमच्या ठेकेदाराने बोली मोडली, यात वाद नाही. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. मुरूम काढायचा असेल तर वरची काळी माती आधी बाजूला लोटावी लागते, कारण मातीमिश्रित माल रस्त्याच्या कामावर परत पाठवला जातो. ती माती विकायला वेळ मिळाला नसेल, तर ती खड्ड्याच्या आसपासच कुठेतरी पडलेली असणार. सात-आठ वर्षांत तिच्यावर वेडी बाभूळ माजली असेल आणि तुम्ही तिला जुना बांध समजत असाल. कुदळ घेऊन पाहा. चाळून नाकारलेले मोठे गोटेही बहुधा तिथेच ढिगाने असतील, कारण ते वाहून नेणे परवडत नाही.

हळवी_ज्वारी | २० मे, सकाळी ६.५०
खडीफोड यांचा प्रतिसाद आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी वाटला, हे मी थोड्या नाइलाजाने लिहीत आहे.

पॅसिफिककाठ | २० मे, सकाळी ९.३५
मी उत्तर कॅलिफोर्नियात राहतो. येथून जवळच, रेडिंग शहराच्या दक्षिणेला, क्लिअर क्रीक नावाचा ओढा सॅक्रामेंटो नदीला मिळतो. त्याची कथा या धाग्याशी जुळते.

या ओढ्यावर १८४८ मध्ये सोने सापडले. आधी सोन्यासाठी आणि पुढे विसाव्या शतकात बांधकामाच्या खडीसाठी त्याचे पात्र आणि पूरमैदान उकरले गेले. १९६३ मध्ये वरच्या अंगाला व्हिस्कीटाउन धरण पूर्ण झाले आणि डोंगरातून येणारे गोटे त्यामागे अडकू लागले. म्हणजे खालून उपसा झाला आणि वरून पुरवठा बंद पडला. काही ठिकाणी पात्रातला गोट्यांचा थर जाऊन खालची चिकणमाती उघडी पडली, प्रवाह खड्ड्यांत विखुरला आणि पूर ओसरल्यावर सामन माशांची पिले त्या खड्ड्यांत अडकून मरू लागली. सामन गोट्यांतच अंडी घालतो. गोटे नाहीत तर मासे नाहीत.

दुरुस्तीचे मोठे काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. खड्डे भरले, पूर पसरण्यासाठी सखल मैदान पुन्हा घडवले, काही भागात प्रवाहाला नवे वळणदार पात्र दिले, काठाने विलो आणि कॉटनवुड लावले. सन २००० मध्ये सॅल्टझर नावाचा जुना लहान बंधाराही काढून टाकला. तरीही धरण आहे तोवर गोटे आपोआप येणार नाहीत, म्हणून बाहेरून गोटे आणून ओढ्यात ओतण्याचे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. एकदा विकलेली वस्तू परत विकत घेऊन जागेवर ठेवण्याचा हा प्रकार आहे.

धागाकर्त्यासाठी यात एक इशारा आहे. तिथे खड्डे भरायला सोन्याच्या उपशातून उरलेले दगडमातीचे ढीग जवळच उपलब्ध होते. पण सोने वेगळे करताना पारा वापरलेला असल्यामुळे त्या ढिगांतल्या पाऱ्याची तपासणी हा स्वतंत्र विषय होऊन बसला. भराव कुठून आला आणि त्यात काय आहे, हे विचारल्याशिवाय तो ओढ्याच्या शेजारी टाकू नये. राडारोडा, राख, कारखान्याची मळी यांना हाच नियम लावा.

येथील १९७५ च्या कायद्याप्रमाणे खाण सुरू करण्याआधी जमीन कशी परत घडवणार याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्या खर्चाची आर्थिक हमी ठेवावी लागते. क्लिअर क्रीकचा बराच उपसा त्याआधीचा असल्यामुळे खर्च सार्वजनिक पैशातून झाला.

शंकासुर | २० मे, सकाळी १०.०२
आमच्याकडेही आर्थिक हमी असते, फक्त ती वेगळ्या टेबलावर ठेवली जाते.

दिवचलीकर | २० मे, दुपारी ३.२०
गोव्यातून लिहीत आहे. आमच्या तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत आणि त्यांतील कित्येकांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावलेली आहे. लांबून हिरवेगार दिसते, पाहुणे फोटो काढतात. जवळ गेल्यावर खाली वाळक्या पानांचा थर दिसतो, गवताचे पाते क्वचित सापडते आणि गुरे फिरकत नाहीत. खड्डा हिरवा करणे आणि जमीन परत मिळवणे यांत हा फरक आहे. कृपया लवकर वाढणारे एकच झाड निवडू नका.

माळरान | २० मे, दुपारी ४.१०
तरीही नुसत्या मुरमाड तळावर काही तरी आधी उगवले पाहिजे. ग्लिरिसिडिया बांधावर लावून तिचा पाला कापून टाकला तर मातीला नत्र मिळते. तिला परदेशी म्हणून हाकलून द्यावे असे मला वाटत नाही.

निर्गुंडी | २० मे, रात्री ८.४५
माळरान यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. ग्लिरिसिडिया वरच्या बांधावर चालेल, ओढ्याच्या काठावर नको. काठासाठी आपल्याकडे वनस्पतींची पूर्ण फळी आहे आणि प्रत्येकीची पायरी ठरलेली आहे. पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळा आणि वाळा; खडकाळ जागी शेरणी, जी पुरात आडवी होते आणि पूर गेल्यावर पुन्हा उभी राहते; तिच्या मागे वाळुंज आणि निर्गुंडी, या दोन्ही छाट कलमांनी लागतात, रोपवाटिकेचा खर्च नाही; त्याच्या वर करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन. करंजाच्या बिया थेट पेरता येतात. आपल्या ओढ्यावर दोन-तीन किलोमीटर वर चालत जा आणि जे शाबूत काठावर दिसेल तेच लावा, ही सर्वांत खात्रीची यादी आहे. बेशरम मात्र कोणी कितीही चिवट म्हटली तरी आणू नका.

भराव झाल्यावर पहिली दोन वर्षे ज्वारीचा मोह टाळा. पहिल्या पावसात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा, नंतर मारवेल गवत आणि स्टायलो हे चारापीक घ्या. मुळांनी जमीन बांधली जाईल आणि गुरांना चाराही मिळेल.

एक विनंती आहे. खड्ड्याच्या उभ्या मातीच्या भिंतीत मनगट जाईल न जाईल एवढी गोल भोके दिसतात का? असतील तर ती वेडा राघूची घरटी असू शकतात. त्यांची वीण उन्हाळ्यात, जूनपर्यंत चालते.

ओढाकाठ | २४ मे, रात्री ९.३०
सर्वांचे आभार. रविवारी गावी जाऊन आलो.

खडीफोड यांचे म्हणणे खरे निघाले. खड्ड्याच्या वरच्या बाजूला ज्याला आम्ही बांध समजत होतो त्यावरची वेडी बाभूळ तोडून दोन ठिकाणी खणले, तर फूटभर खाली आमचीच काळी माती निघाली. चुलते बराच वेळ ती मुठीत घेऊन उभे होते, काही बोलले नाहीत. टेपने मोजल्यावर ढीग अंदाजे सत्तर ब्रासचा भरला. नाकारलेले गोटेही पलीकडे आहेत, निदान दीडशे ब्रास. कागद मात्र एकही सापडला नाही.

पूर्वेच्या भिंतीत अकरा भोके आहेत आणि पक्षी जा-ये करत होते.

आता प्रश्न बदलून विचारतो. एवढ्या सामग्रीत पूर्ण खड्डा भरणार नाही, हे दिसते आहे. अर्धा भरायचा तर कोणता अर्धा? आणि पावसाळ्याआधी निदान काय करावे?

भूजल_वाचक | २५ मे, सकाळी १०.४०
पावसाळ्याआधी भराव अजिबात टाकू नका. सैल भराव पहिल्या पुरात ओढ्यात जाईल आणि खालच्या शेतकऱ्यांशी भांडण होईल ते वेगळेच. आत्ता फक्त भिंतीकडे लक्ष द्या. पूर वरच्या टोकाने खड्ड्यात घुसला तर भिंत फुटते. त्याऐवजी प्रवाहाच्या खालच्या टोकाला भिंत वीस फूट लांबीत मुद्दाम तीन-चार फूट उतरवा आणि तेथे तुमचेच मोठे गोटे दाबून बसवा. मग पुराचे पाणी त्या दाराने मागे फिरून सावकाश आत येईल, आतली आणि बाहेरची पातळी सारखी होईल आणि भिंतीवरचा दाब कमी होईल. गाळही आत बसेल, म्हणजे काही भराव ओढाच करेल. आधी तहसील कार्यालयाला कळवा. तलाठीनानांचा इशारा हलक्यात घेऊ नका.

दिवाळीनंतर विहिरीच्या बाजूचा अर्धा भाग भरा. तळाला गोटे, त्यावर मुरूम, प्रत्येक थर दोन फुटांचा. वरचे दीड फूट सोडून थांबा, एक पावसाळा बसू द्या आणि मगच काळी माती पसरा. पाच हजार चौरस फुटांवर सव्वा फूट जाडीसाठी साधारण पासष्ट ब्रास लागतील, म्हणजे तुमचा ढीग पुरतो. मुरूम कमी पडेल तेवढाच पावतीने घ्या. ओढ्याकडचा अर्धा भाग पुरासाठी मोकळा ठेवा, त्याचे काठ तीनास एक (तीन फूट आडवे, एक फूट उभे) उतारावर आणा आणि निर्गुंडी यांनी सांगितलेली झाडे तिथे लावा.

निर्गुंडी | २५ मे, सकाळी ११.१५
काठ उतरते करताना पूर्वेची भिंत तेवढी वगळा. घरटी आहेत तो भाग पंधरा-वीस फुटांचाच असेल आणि पक्षी पुढच्या वर्षी परत येण्याची शक्यता चांगली असते. पाण्याच्या बाजूने तिथे मुले उतरणार नाहीत अशी निवडुंगाची किंवा सागरगोट्याची कुंपणे घाला. अशा खड्ड्यांत दर पावसाळ्यात कुठे ना कुठे मुले बुडतात, हे या चर्चेत कोणी लिहिले नव्हते.

माळरान | २५ मे, दुपारी १२.००
म्हणजे ज्वारी चार-साडेचार गुंठ्यांवर आली. चुलत्यांना हे कसे सांगणार?

ओढाकाठ | २५ मे, रात्री ८.२०
चुलत्यांना आजच सांगितले. ज्वारीचे ते काही बोलले नाहीत. राघू राहतात ती भिंत कोणती, एवढे दोनदा विचारून घेतले.

भिंत उतरवण्याचे काम १ जूनला ठरले आहे आणि अर्ज उद्या देत आहे. खडीफोड, आपल्या ओळखीत लहान बकेटचे यंत्र भाड्याने देणारे कोणी सासवडच्या बाजूला असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवावा. पोकलेन त्या भिंतीवर चढवायची हिंमत होत नाही.

खडीफोड | २५ मे, रात्री ८.५८
निरोप केला आहे. चालकाला आधी घरटी दाखवा आणि खोलीची खूण चुन्याने आखून द्या. तोंडी सांगू नका.